आउटबोर्ड इंजिन (होडीवरील बसवणी)
होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचे, काढता येणारे इंजिन. ओले एव्हिनरूड यांनी ते अमेरिकेत १९०९ च्या सुमारास विक्रीस आणले; केरळात पारंपरिक मासेमारी होड्यांवर ते १९८० नंतर झपाट्याने पसरले. बसवताना खरी कसोटी उंचीची. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाशी समपातळीत किंवा किंचित खाली हवी. इंजिन उंच बसले तर पंखा हवा ओढून नुसताच फिरतो. फार खाली गेले तर पाण्याचा अवरोध वाढतो. म्हणून सुमारे ३८ सेंमी. उंचीच्या फळीला आखूड, तर ५१ सेंमी.च्या फळीला लांब दांड्याचे इंजिन घेतात. केवळ पकडीच्या स्क्रूंवर विसंबणे धोक्याचे, कारण हादऱ्यांनी ते सैल होतात. आरपार बोल्ट आणि होडीला बांधलेली साखळी हवीच.