जखमेवरचे इन्सुलिन

इन्सुलिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुई उभी राहते. हेच औषध उघड्या जखमेवर घालता येते, हे ऐकून आमच्या बऱ्याच वाचकांना नवल वाटेल. विचार मात्र जुना आहे.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला पहिली सुई टोचण्यात आली. साखर थोडीशीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झाले! अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीच्या दुसऱ्या सुईने मुलगा सावरला. पुढे ज्या द्रव्याने जखमा भराव्यात अशी अपेक्षा धरली गेली, त्याचा आरंभ गळवाने व्हावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. १९२३ साली बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३० साली एका अमेरिकन शस्त्रक्रिया-नियतकालिकात मधुमेह नसलेल्या रुग्णांच्या शय्याव्रणांवर इन्सुलिनचा उपचार केल्याचे वृत्त आले. म्हणजे साखरेखेरीज त्याचा काही निराळा गुण असावा, अशी शंका तेव्हाच आली होती. १९६८ साली 'द लॅन्सेट'मध्ये मधुमेही गँग्रीनवर इन्सुलिन स्थानिक लावण्याविषयी लेख प्रसिद्ध झाला. त्यामागचे कारण पुढे उलगडले: त्वचेच्या पेशींवर इन्सुलिनचे ग्राहक असतात. ते जागे झाले की पेशी वाढतात, सरकतात आणि जखमेच्या कडा जवळ येऊ लागतात. मधुमेह्याच्या त्वचेत हीच साखळी मंदावलेली असते. ब्राझीलमधील कॅम्पिनास येथील संशोधकांनी इन्सुलिनयुक्त मलम आधी उंदरांवर, मग रुग्णांच्या व्रणांवर वापरून २०१२ साली आशादायक निष्कर्ष मांडले.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना पट्ट्यांत गुंडाळलेली पावले आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. महिनोन्‌महिने न भरणारा व्रण पाय कापण्यापर्यंत नेतो. बोट जाते, मग पाऊल. म्हणून हा विषय आम्हांस केवळ कुतूहलाचा वाटत नाही. परंतु फ्रीजमधली उरलेली बाटली कोणी जखमेवर ओतू नये. मात्रा चुकली तर साखर उतरण्याचा धोका असतो. शिवाय शिरांच्या दोषाने झालेल्या व्रणाला दाब देणारी पट्टी लागते, मधुमेही पावलावरचा भार काढावा लागतो आणि रक्तपुरवठा तपासावा लागतो. इन्सुलिन यांतल्या कशाचीही जागा घेत नाही.

आजवरच्या बहुतेक चाचण्या लहान आहेत. शंभर वर्षे होऊनही हा उपचार सर्वमान्य का झाला नाही, याचे एक कारण आमच्या मते पैशात आहे. संशोधकांनी १९२३ साली पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते. आता त्या जुन्या, साध्या इन्सुलिनवर कोणाचीच मक्तेदारी नाही, आणि ते जखमेवर घालून पाहण्यासाठी मोठ्या चाचणीचा खर्च उचलावा असे कोणत्या कंपनीला वाटेल?