मातीमोल

कवडीच्या भावाने काही विकले गेले, की आपण ‘मातीमोल’ म्हणतो. पॅसिफिक महासागरातील अवघ्या २१ चौरस किलोमीटरच्या नाउरूच्या इतिहासात हा शब्द अक्षरशः खरा ठरला. तेथे १९०६ पासून फॉस्फेटचे उत्खनन सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त मंडळाने हे खत बाजारभावापेक्षा स्वस्तात आपल्या शेतकऱ्यांना पुरवले. तिकडे कुरणे हिरवी झाली. इकडे बेटाच्या मध्यावर चुनखडीचे ओसाड सुळके उरले. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कर्टिस बेटावर जाऊन वसण्याचा प्रस्तावही नाउरूकरांपुढे होता. राष्ट्र म्हणून वेगळे अस्तित्व राहणार नाही, हे ओळखून त्यांनी तो नाकारला.

१९६८ साली स्वातंत्र्य मिळाले, १९७० मध्ये खाणी हाती आल्या. मग मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उभी राहिली. १९९३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दोवरील संगीतिकेतही पैसा ओतला गेला. संगीतिका चालली नाही, इमारत २००४ मध्ये विकावी लागली.

ही कथा उधळपट्टीचे बोधवचन म्हणून सांगितली जाते, ते अर्धसत्य आहे. सुमारे एक तृतीयांश खाणक्षेत्र स्वातंत्र्यापूर्वीच पोखरले गेले होते. त्याबद्दल नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, आणि १९९३ मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांवर तडजोड झाली. मात्र परक्या मंडळाने आणि स्वकीय शासनाने एकच चूक केली, असे आम्हाला वाटते: जी भूमीची विक्री होती, तिला दोघांनीही ‘उत्पन्न’ म्हटले.