निष्कर्ष मागे घेणारे तर्कशास्त्र

उद्या सोमवार आहे आणि सोमवारी बँका उघड्या असतात. तेव्हा उद्या बँक उघडी असेल, असे अनुमान कोणीही सहज काढतो. उद्या सार्वजनिक सुट्टी असल्याचे कळताच तो ते मागे घेतो. आधीची माहिती खोटी ठरलेली नसते, तिच्यात केवळ भर पडलेली असते. पारंपरिक तर्कशास्त्रात मात्र एकदा सिद्ध झालेला निष्कर्ष कितीही नवी विधाने जोडली तरी सिद्धच राहतो. या गुणधर्माला 'मोनोटॉनिक' म्हणतात. तो ज्यात नसतो, ते 'नॉन-मोनोटॉनिक' तर्कशास्त्र होय.

संगणकाला व्यवहारज्ञान शिकवू पाहणाऱ्या संशोधकांना ही अडचण १९७०च्या दशकात प्रकर्षाने जाणवली. १९८० मध्ये 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या नियतकालिकाने या विषयावर विशेषांक काढला. त्यात जॉन मॅकार्थी, ड्र्यू मॅकडरमॉट आणि जॉन डॉईल यांच्या लेखनासोबत कॅनडातील संशोधक रेमंड रायटर यांनी 'डिफॉल्ट लॉजिक' मांडले.

रायटर यांच्या नियमाचे तीन भाग असतात : पूर्वअट, सुसंगतीची कसोटी आणि निष्कर्ष. पूर्वअट सिद्ध असेल आणि कसोटीतील विधान ज्ञात माहितीशी विसंगत नसेल, तर निष्कर्ष स्वीकारायचा. अशा नियमांतून तयार होणाऱ्या सुसंगत समजुतींच्या संचाला 'एक्स्टेन्शन' म्हणतात. असे संच एकाहून अधिक असू शकतात, तर कधी एकही नसतो. याचे प्रसिद्ध उदाहरण रिचर्ड निक्सन यांचे. क्वेकर पंथीय सहसा शांततावादी असतात, रिपब्लिकन सहसा नसतात. निक्सन दोन्ही होते. येथे दोन संच निघतात आणि त्यांतून निवड कशी करावी, हे तर्कशास्त्र सांगत नाही.

अमेरिकेतील रॉबर्ट मूर यांनी १९८५ मध्ये 'ऑटोएपिस्टेमिक लॉजिक' मांडले. यात विचार करणारा स्वतःच्या ज्ञानाचाच हिशेब घेतो. 'मला मोठा भाऊ असता तर ते मला माहीत असते. माहीत नाही, म्हणून मोठा भाऊ नाही.' हे 'सहसा असे असते' या धर्तीचे अनुमान नव्हे. आपले ज्ञान त्या बाबतीत पूर्ण आहे, या खात्रीवर ते उभे असते.

दोहोंतील भेद सूक्ष्म आहे. 'मी हे मानतो, तर ते खरे आहे' एवढ्याच आधारावर मूर यांच्या मूळ पद्धतीत एखादी समजूत स्वतःच स्वतःला टेकू देऊ शकते. रायटर यांच्या पद्धतीत तिला बाहेरचा आधार लागतो. कर्ट कोनोलिगे यांनी १९८८ मध्ये आधाराची अट कडक करून दोन्ही पद्धतींचा संबंध दाखवला. त्याच वर्षी मायकेल गेल्फॉन्ड आणि व्लादिमीर लिफशिट्झ यांनी तार्किक आज्ञावलींसाठी 'स्थिर प्रतिमाना'ची संकल्पना दिली. तिच्यावर आधारलेली 'आन्सर सेट प्रोग्रॅमिंग' ही पद्धत आज वेळापत्रके आखणे, नियोजन करणे अशा कामांत वापरली जाते.

हा वाद केवळ विद्वानांपुरता नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात गाडी नाही म्हणजे ती गाडी नाहीच, असे मानणे रास्त. कारण वेळापत्रक पूर्ण असणे अपेक्षित असते. रुग्णाच्या कागदपत्रांत औषधाच्या ॲलर्जीची नोंद नाही म्हणून त्याला ॲलर्जीच नाही, असे मानणे मात्र जिवावर बेतू शकते. नोंद नसण्याचा अर्थ 'नाही' घ्यायचा की 'ठाऊक नाही', हे संगणक आपोआप ठरवत नाही. नियम लिहिणाऱ्यालाच ते आधी ठरवावे लागते.