गिटार ॲम्प फुल्ल, तरी शेजारी शांत: ॲटेन्युएटर नेमका करतो काय?

लग्नसराईत अक्कलकुवा तालुक्यातल्या खापरपासून थेट धुळे-जळगावपर्यंत बँडच्या गाड्या फिरतात. गाडीवरच्या मिक्सरचं बटण खाली घेतलं की आवाज कमी होतो, गाणं मात्र तेच राहतं. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार ॲम्पचं तसं नसतं. त्याचा व्हॉल्यूम उतरवला की आवाजाचा पोतच बदलतो. रॉक आणि ब्लूजमध्ये ऐकू येणारा भरदार, किंचित फाटलेला सूर नाहीसा होतो आणि साधा, स्वच्छ आवाज उरतो.

तो सूर राखून फक्त आवाज उतरवण्यासाठी जे उपकरण वापरतात, त्याला ॲटेन्युएटर म्हणतात.

फुल्ल ॲम्पचा सूर वेगळा का?

जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह या ॲम्पमध्ये असतात. पहिले छोटे व्हॉल्व्ह गिटारचा क्षीण सिग्नल वाढवतात, तर शेवटचे मोठे व्हॉल्व्ह स्पीकर हलवण्याची ताकद देतात. व्हॉल्यूम खूप वाढवला की मोठे व्हॉल्व्ह आणि त्यांच्यापुढचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांची क्षमता संपते. सिग्नलची टोकं दबतात, त्यात नवे स्वरांश मिसळतात आणि सूर दाट होतो.

म्हणजे ॲम्पला पूर्ण जोर लावायला लागला, तरच हा सूर मिळतो. अनेक ॲम्पना मास्टर व्हॉल्यूम असतो, पण त्याने मुख्यतः छोट्या व्हॉल्व्हचाच आवाज फाटतो.

हे ॲम्प इतके मोठे झाले ते गरजेपोटी. १९६०च्या दशकात गिटारचा आवाज सभागृहभर पोहोचवण्याचं काम ॲम्पलाच करावं लागे. १९६५च्या सुमारास ‘द हू’ बँडच्या पीट टाउनझेंडसारख्या वादकांच्या मागणीवरून लंडनच्या जिम मार्शल यांनी १०० वॅटचे ॲम्प बनवले. आता स्टेजवर ॲम्पपुढे माइक असतो आणि पुढचं काम साउंड सिस्टीम करते. गरज संपली, पण त्या सुराची ओढ राहिली. ‘बोस्टन’ बँडचा गिटारवादक टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याच्या कंपनीने १९८०च्या सुमारास आणलेला ‘पॉवर सोक’ हा सुरुवातीच्या नावाजलेल्या ॲटेन्युएटरपैकी एक.

ॲटेन्युएटर काय करतो?

तो ॲम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये जोडतात. ॲम्प पूर्ण जोराने चालतो, पण त्याची बहुतेक शक्ती ॲटेन्युएटरमध्येच उष्णता होऊन संपते. स्पीकरपर्यंत थोडीच पोहोचते.

त्याचे मुख्य प्रकार असे:

• रेझिस्टिव्ह: आत मोठे रेझिस्टर. साधा आणि तुलनेने स्वस्त. आवाज खूप उतरवला की सूर बोथट वाटू शकतो.
• रिॲक्टिव्ह: खऱ्या स्पीकरचा विद्युत विरोध स्वरानुसार बदलतो. या प्रकारात त्याची नक्कल केलेली असते, म्हणून ॲम्पचा प्रतिसाद जास्त नैसर्गिक राहतो.
• लोड बॉक्स: सगळी शक्ती शोषून घेतो आणि स्पीकरऐवजी हेडफोन किंवा रेकॉर्डिंगसाठी सिग्नल देतो.

किती डेसिबल उतरवायचे?

इथे अंदाज सहज चुकतो. १०० वॅटऐवजी ५० वॅट म्हणजे आवाज निम्मा, असं वाटतं. प्रत्यक्षात फरक फक्त ३ डेसिबलचा असतो. कानाला आवाज साधारण निम्मा वाटायला १० डेसिबल कमी व्हावे लागतात.

गिटारचे १२ इंची स्पीकर खूप कार्यक्षम असतात. १ वॅटला १ मीटरवर १०० डेसिबल देणारा स्पीकर धरला, तर हिशोब असा होतो:

• १०० वॅट: १२० डेसिबल
• १० वॅट: ११० डेसिबल
• १ वॅट: १०० डेसिबल
• ०.०१ वॅट: ८० डेसिबल

समोरासमोरच्या बोलण्याचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे १ वॅटसुद्धा घरातल्या खोलीसाठी भरपूर आहे.

शेजाऱ्यांचं काय?

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा आणि इंडिपेंडन्स रॉकसारखे कार्यक्रम व्हायचे. आजूबाजूला कॉलेज आणि रुग्णालयं असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले मोठे संगीत कार्यक्रम थांबले.

आता खापरसारख्या गावाचा विचार करा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवरचे १२० डेसिबल ६४ मीटरवर ढोबळमानाने ८४ होतात. ॲटेन्युएटरने २० डेसिबल कमी केले तरी ६४ उरतात. ४० कमी केल्यावर कुठे आकडा ४४वर येतो. भिंती आणि बंद दारं-खिडक्या आणखी मदत करतात. तरीही रात्रीच्या शांततेत हेडफोनच बरा.

जोडताना काय सांभाळायचं?

• ॲम्प बंद करूनच जोडणी करा.
• ॲम्प, ॲटेन्युएटर आणि स्पीकर यांचे ओहम जुळले पाहिजेत.
• ॲटेन्युएटरची क्षमता ॲम्पच्या वॅटपेक्षा बरीच जास्त असावी. ५० वॅटचा ॲम्प पूर्ण जोरावर ५०हून अधिक वॅट देऊ शकतो.
• गिटारची केबल वापरू नका, स्पीकरचीच केबल लागते.
• ॲटेन्युएटर तापतो. त्यावर कापड टाकू नका, हवा खेळती ठेवा.
• व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर किंवा लोडशिवाय कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि ती दुरुस्ती महागात पडते.
• ॲम्प घरी उघडू नका. आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

ॲटेन्युएटर ॲम्पचे कष्ट कमी करत नाही. आवाज हळू असला तरी व्हॉल्व्ह पूर्ण जोरावरच चालत असतात आणि लवकर झिजतात.

सूर अगदी तसाच राहतो का?

नाही. फुल्ल आवाजात स्पीकरचा पडदाही स्वतःचा फाटलेपणा मिसळतो, तो हळू आवाजात हरवतो. तारा आणि स्पीकर यांच्यातला घुमारही मिळत नाही. शिवाय कान बदलतो. हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिलं, की हळू आवाजात माणसाला खालचे आणि खूप वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून आवाज उतरवल्यावर बास किंचित वाढवला की सूर पुन्हा भरल्यासारखा वाटतो. ५ ते १० डेसिबल उतरवल्याने फारसं बिघडत नाही, पण ३०-४० उतरवल्यावर फरक जाणवतोच.

मग तो कोणी घ्यावा?

ज्याच्याकडे व्हॉल्व्हचा चांगला ॲम्प आहे आणि तो पूर्ण जोरावर वाजवायला जागा नाही, त्याने. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला याची गरज नाही, तिथे व्हॉल्यूम उतरवला की काम होतं. नव्याने शिकणाऱ्याला हेडफोनची सोय असलेला छोटा डिजिटल ॲम्प स्वस्तही पडतो आणि सुरक्षितही.