मेव्याची वाट

आपली रुची ही आपली स्वतःची, असा सर्वांचाच समज असतो. दिवाळीच्या आधी दिल्लीस खारी बावलीच्या बाजारात क्षणभर उभे राहून गिऱ्हाइकांची मागणी ऐकली, म्हणजे हा समज डळमळू लागतो. कोणी कंदाहारी मनुका मागतो, कोणी गुरबंदी बदाम. आपल्या मराठीतही ‘मेवा’ हा शब्द फारसी, ‘जर्दाळू’तील जर्द म्हणजे पिवळा, आणि ‘बेदाणा’ म्हणजे ज्यात बी नाही तो. चव ज्या वाटेने आली, त्याच वाटेने तिची नावेही आली.

ती वाट जुनी आहे. इ. स. १५०४ मध्ये काबूल घेणाऱ्या बाबराने हिंदुस्थानातून दरवर्षी पांढरे कापड व साखर घेऊन तेथे येणाऱ्या तांड्यांचे वर्णन केले आहे. पुढे १५८५ ते १५९५ या दहा वर्षांत काबूल, काश्मीर व कंदाहार अकबराच्या हाती आले. तेव्हापासून फळांचे भार येऊ लागले व दुकाने वर्षभर भरलेली राहू लागली, असे अबुल फझल ‘आइन-ए-अकबरी’त नमूद करतो. राज्य वाढले, तशी जीभही वाढली!

हा मेवा दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत नेला तो पोविंद्यांनी. शरदात गोमल खिंडीतून त्यांचे उंट उतरत. आगगाडी झाल्यावर हे व्यापारी थेट कलकत्त्यापर्यंत जात व वसंतात परतत. रवींद्रनाथांचा ‘काबुलीवाला’ (१८९२) याच वाटेवरचा प्रवासी. दारी आलेल्या या व्यापाऱ्याच्या झोळीतला दाणा चाखावा, घासाघीस करावी, प्रसंगी उधारीही ठेवावी, अशी ती खरेदी होती. मालाइतकीच माणसाचीही पारख तीत होई.

१९४७ च्या फाळणीने काबूल व दिल्ली यांच्यामध्ये नवी सरहद्द आली. १९६१ ते १९६३ या काळात अफगाण-पाकिस्तान सीमाच बंद राहिली आणि अफगाणी फळे विमानाने भारतात आणण्याची पाळी आली. आज भारतात येणाऱ्या बदामांचा फार मोठा भाग कॅलिफोर्नियाचा असतो. तो मोठा, एकसारखा व गोड. गुरबंदी लहान, तेलकट, आणि मधूनच एखादा कडू. पूर्वी जीभ निवड करी, आता पाकिटावरून डोळाच ती करतो. तरीही जाणते गिऱ्हाईक चढा भाव देऊन मामराच मागते.

आपला बेदाणा तर आज तासगावच्या द्राक्षांचा होतो. नाव मात्र फारसीच राहिले आहे. रजेवर घरी जाताना आपण दिल्लीहून मेव्याची पुडी आवर्जून नेतो. दिल्लीत बदामाचे झाड नाही, हे ठाऊक असूनही नेतो. वाटा बंद होतात. त्यांनी लावलेली सवय मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.