निवासी वाहनातील जलव्यवस्था : हिमसंरक्षण
निवासी वाहनातील (कॅम्पर) पाण्याची टाकी, पंप, नळ्या व बंब हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून योजलेले उपाय. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. त्या दाबाने नळ्या, सांधे व पंप फुटतात. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात ही काळजी आवश्यक ठरते. प्रवासात टाकी वाहनाच्या उबदार भागात ठेवतात; उघड्या नळ्यांना उष्णतारोधक आवरण व विजेवर तापणारी पट्टी गुंडाळतात. वाहन दीर्घकाळ उभे ठेवायचे असल्यास सर्व पाणी काढून नळ्या दाबित हवेने रिकाम्या करतात किंवा बंब वगळून त्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलयुक्त गोठणरोधक भरतात. रेडिएटरमध्ये वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने येथे वर्ज्य आहे. पुन्हा वापरापूर्वी नळ्या स्वच्छ पाण्याने धुतात.