सीडीचा ट्रे आपोआप उघडायचा तेव्हा

ज्यांनी १९९८-९९च्या सुमारास विंडोज वापरलंय त्यांना हा प्रकार नक्की आठवेल. तुम्ही निवांत टाइप करत बसलेले असता आणि सीडी ड्राइव्हचा ट्रे खटकन बाहेर येतो. माऊसची बटणं उलटी चालायला लागतात. मग सायबर कॅफेतल्या पलीकडच्या मशीनवर मित्र फिदीफिदी हसताना दिसला की कळायचं, नेटबस!

हा नेटबस मार्च १९९८ मध्ये कार्ल-फ्रेडरिक नाइक्टर या स्वीडिश प्रोग्रामरने लिहिला. नावातली 'बस' म्हणजे आपला लाल डबा नव्हे हं, स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ खोड्या. एखाद्या छोट्या गेमच्या आडून त्याची सर्व्हर फाइल मशीनवर यायची, रजिस्ट्रीत स्वतःची नोंद करायची आणि १२३४५ नंबरच्या पोर्टवर कान लावून बसायची. मग तुम्ही टाइप केलेलं दिसणं, स्क्रीनचा फोटो काढणं, फाइली नेणं, सगळं पलीकडच्याच्या हातात. फाइली आणून ठेवणंसुद्धा!

काढायचा कसा? रजिस्ट्रीतली नोंद उडवा, रिस्टार्ट करा, मग विंडोज फोल्डरमधली फाइल डिलीट करा. (आधीच डिलीट करायला गेलात तर विंडोज नाही म्हणणार, फाइल चालू असते ना.) दहा मिनिटांचं काम. आम्हीही केलं आणि विसरून गेलो.

१९९९ मध्ये स्वीडनच्याच लुंड विद्यापीठात कायद्याच्या एका संशोधकाच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर लहान मुलांची सुमारे ३,५०० अश्लील छायाचित्रं सापडली. ती त्यानेच उतरवली असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. संशोधकाचं पद गेलं, नाव छापून आलं, देश सोडावा लागला, उपचार घ्यावे लागले. २००४च्या अखेरीस कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. त्याचं मशीन नेटबसमधून दुसरंच कोणीतरी चालवत होतं, हे कोर्टाला पटलं. तोवर पाच वर्षं गेली होती.

समजा त्या माणसाला आधीच शंका आली असती आणि त्याने आमच्यासारखी दहा मिनिटांत सफाई केली असती तर? नेटबस गेला असता, छायाचित्रं तिथेच राहिली असती. पुरावा म्हणून उरली असती फक्त तीच.

आणि नेटबसच्या क्लायंटमध्ये आयपी अ‍ॅड्रेस स्कॅन करायची सोय होती. म्हणजे मित्राने गमतीत उघडलेलं दार जगात कोणालाही सापडू शकत होतं. कॅफेतल्या त्या मशीनला आणखी कोण जोडलेलं होतं, हे आम्ही पुसायच्या आधी बघितलंच नाही. नेटस्टॅट टाइप करायला पाच सेकंद लागले असते.